मुलांच्या बोटांना सूर गवसताना

टिळकवाडीतल्या एका कीबोर्ड क्लासच्या पायऱ्यांवर मी सात वर्षं बसले आहे. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. मुलगी आत, मी बाहेर. शेजारी आणखी चार-पाच आया, एखादे आजोबा, क्वचित कुणाचे वडील. कुणी शेंगा सोलतंय, कुणी मोबाईल बघतंय. आतून एकाच वेळी सहा कीबोर्ड सहा दिशांना चाललेले असतात. त्या गोंगाटात आपल्या मुलाची चूक तेवढी प्रत्येक आईला बरोबर ऐकू येते!

एकदा एका मुलाचे वडील तरातरा आत गेले. मुलगा तिसरीतला. दीड वर्ष झालं होतं शिकून. वडिलांनी सरांना सगळ्यांदेखत विचारलं, "सर, ह्याचं मॅथ्स अजून का सुधारलं नाही?" सर शांतपणे म्हणाले, "साहेब, त्याचा डावा हात सुधारलाय."

पायऱ्यांवर हशा पिकला. मीही हसले, पण मनातून ओशाळले. कारण मुलीला दुसरीत असताना या क्लासला घातलं ते संगीताच्या प्रेमापोटी नव्हे. पियानो शिकणाऱ्या मुलांचा मेंदू तल्लख होतो, गणित पक्कं होतं, असं कुठंतरी वाचलं होतं. पियानो परवडणारा नव्हता, म्हणून कीबोर्ड. हिशेब तोच, त्या वडिलांचाच.

ही समजूत आली कुठून, ते मी पुढं शोधून वाचलं. १९९३ साली अमेरिकेत एक छोटासा प्रयोग झाला. छत्तीस कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठी रचलेला एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवला आणि मग कागदाच्या घड्या-आकृत्यांची कोडी घातली. त्यांना ती थोडी जास्त सुटली आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढंच. त्यात ना लहान मुलं होती, ना कुणी काही वाजवायला शिकलं होतं. पण बातमी अशी पसरली की १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तिथल्या प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची ध्वनिफीत सरकारी खर्चानं द्यायचा प्रस्ताव मांडला! आपल्याकडंच असं होतं असं नाही म्हणायचं.

प्रत्यक्ष शिकण्याचा अभ्यास नंतर झाला. कॅनडातल्या टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गाणं, तिसऱ्याला नाटक शिकवलं, चौथ्याला वर्षभर काहीच नाही. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. कीबोर्ड आणि गाणं शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा दोन-तीन गुणांनी जास्त वाढला होता. म्हणजे वाढला, पण घरात कुणाच्या लक्षात येईल इतका नाही. नाटकवाल्या मुलांचं इतरांशी वागणं मात्र सुधारलं होतं, हे कुणी फारसं सांगत नाही. पुढं २०२० मध्ये अशा ५४ अभ्यासांचा, जवळपास सात हजार मुलांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात दिसलं, की अभ्यास जितका काटेकोर, तितका बुद्धीवरचा आणि मार्कांवरचा परिणाम शून्याकडं सरकतो.

म्हणजे सगळंच फोल का? तर नाही. बोस्टनच्या संशोधकांनी सहा वर्षांच्या मुलांना पंधरा महिने दर आठवड्याला अर्धा तास कीबोर्ड शिकवून, आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बोटं हलवणारा आणि आवाज ओळखणारा असे मेंदूचे भाग या मुलांमध्ये खरोखरच बदललेले दिसले. बोटं चपळ झाली होती, सूर-लयीतला फरक जास्त कळत होता. बाकीच्या चाचण्यांत काही विशेष नाही. थोडक्यात, ज्याचा सराव केला ते सुधारलं. सर वेगळं काय म्हणाले होते?

पट्ट्यांची शाळा

डावा हात सुधारणं ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही, हे मला मुलीकडं बघून कळलं. उजव्या हातानं चाल वाजवायची आणि डाव्यानं त्याच वेळी वेगळंच काहीतरी, वेगळ्या वेगानं. पहिले दोन महिने डावा हात उजव्याच्या मागं फरफटत जातो. मग सर दोन्ही हात सुटे करतात. आज फक्त डावा. उद्या फक्त उजवा. परवा दोन्ही, पण इतकं सावकाश की ऐकणाऱ्याला जांभई यावी. आमच्या कन्येला हे मुळीच पसंत नव्हतं. सगळं गाणं पहिल्यापासून, जोरात, भरधाव वाजवायचं आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून, असा तिचा खाक्या. चूक जिथं होते त्या दोनच ओळी काढून दहा वेळा सावकाश वाजवायच्या, हे अंगवळणी पडायला तिला दोन वर्षं लागली. आता ती विज्ञानाची आकृतीही तशीच काढते, असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. आकृती ती अजूनही घाईतच काढते.

लहान मुलांना पट्ट्यांचं वाद्य सोपं जातं, याला साधं कारण आहे. व्हायोलिन किंवा बासरी घेतली, तर पहिला बरा सूर निघायलाच कित्येक आठवडे जातात. तोवर घरातलीच माणसं कंटाळतात. इथं पट्टी दाबली की सूर तयार. शिवाय सगळे सूर डोळ्यांसमोर ओळीनं मांडलेले. डावीकडं खर्ज, उजवीकडं तार. 'वर जा, खाली ये' हे मुलाला हातानं कळतं. चुकीचा सूर लागला तर तो शेजारच्याच पट्टीत लपलेला असतो, शोधला की सापडतो. सांगण्याआधी आपणच चूक शोधायची, ही सवय इथं फार लवकर लागते.

पियानो, कीबोर्ड आणि पेटी यांत मात्र फरक आहे, आणि पैसे खर्च करण्याआधी पालकांनी तो समजून घ्यावा. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते. हळू दाबलं तर हळू, जोरात तर जोरात. सुमारे १७०० साली फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं तो बनवला तो याच सोयीसाठी आणि 'पियानोफोर्ते' या नावाचा अर्थही हळू-जोरात असाच. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं हे धूड आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगून रुसतं आणि तारा जुळवणारा जाणकार गावात सापडेलच असं नाही. म्हणून बहुतेक घरांत येतो तो एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड. घेताना एवढं बघा, की हळू-जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडतो का. पडत नसेल, तर मूल बोटानं बोलायला शिकणार नाही, नुसतं बटण दाबायला शिकेल.

आणि हो, कीबोर्डवरची ती आपोआप ठेका देणारी बटणं! पाहुणे आले की मुलं तेवढंच लावून मोकळी होतात आणि पाहुणे खूश होतात. पहिलं वर्षभर त्या बटणांवर चक्क कागद चिकटवा. तसंच सूर वर-खाली करायचं 'ट्रान्सपोज'चं बटण. मूल सगळी गाणी पांढरी एकमधूनच वाजवतं आणि गाणाऱ्याचा सूर बटणानं जुळवतं. ही लंगडी सवय पुढं कशी नडते, ते सांगतेच.

आपली पेटी

आता पेटी. ती पियानोची लांबची चुलत बहीण. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये पायानं भाता हलवायची हार्मोनियम तयार झाली. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हातानं भाता मारत वाजवण्याजोगं रूप दिलं. आज युरोपात ती फारशी कुणाला ठाऊक नाही आणि आपल्याकडं मात्र प्रत्येक देवळात आहे. मराठीत ती पेटी आणि कन्नडमध्येही पेटीच. तिच्यावरून अजून तरी वाद झाल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या मुलखाला तर या वाद्याचं देणं फार मोठं. 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी सुरू केलेल्या संगीत नाटकांच्या परंपरेत पुढं पायपेटी आणि ऑर्गन यांनी मानाची जागा मिळवली. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि त्यांच्यानंतर पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी पेटीवादनाचं घराणंच उभं केलं म्हणा ना. रामभाऊंकडं शिकलेल्यांत मराठी घरातली मुलं होती, तशी कन्नड घरातलीही. बेंगळुरूचे पं. रवींद्र काटोटी त्यांचेच शिष्य. तिकडं गदगला वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई यांनी अंध आणि गरीब मुलांना सूर देऊन पायावर उभं केलं. संगीतशिक्षणाचा फायदा विचारणाऱ्यानं एकदा गदगला जाऊन यावं.

पेटीला नावं ठेवणारेही थोर लोकच होते. तिचे सूर पक्के बांधलेले, दोन सुरांच्या मधली मींड तिच्यात नाही, म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षं ऑल इंडिया रेडिओवर तिला मज्जाव होता. आक्षेप खोटा नव्हता. म्हणूनच मूल गाणं शिकत असेल, तर अनेक गुरुजी पेटीऐवजी तंबोऱ्यावरच बसवतात, कान पट्टीवर रेलू नये म्हणून. पण सात-आठ वर्षांच्या पोराला हाच बांधलेला सूर आधार देतो, हेही तितकंच खरं.

पियानो आणि पेटीतला माझ्या मते मोठा फरक वेगळाच आहे. पियानो एकट्यानं वाजवला तरी पूर्ण वाटतो. पेटी बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी वाजते. कीर्तनकार, भजनी मंडळ, गायक, घरातली म्हातारी, जो कुणी गाईल त्याच्या अर्धं पाऊल मागं राहायचं, तो थांबला की थांबायचं, तो चुकला तर झाकून घ्यायचं. याला साथ म्हणतात. साथ करायला बोटांइतकाच कान लागतो आणि थोडा कमीपणाही घ्यावा लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील आमच्या शहापूरच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवत. मला त्यांनीच शिकवलं. नववीत गेले आणि मी पेटी सोडली. "बाबा, यंदा नको. दहावी झाली की बघू." ते काही बोलले नाहीत. पेटीवर जुनं धोतर गुंडाळलं आणि ती माळ्यावर ठेवली. दहावी झाली, बारावी झाली, लग्न झालं. ते 'बघू' राहूनच गेलं.

इन्नू केळग

माझं सासर कन्नड. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्या बैलहोंगलकडच्या. धारवाड आकाशवाणीवर मल्लिकार्जुन मन्सूरांची वचनं ऐकत वाढलेल्या. स्वयंपाक करताना त्या बसवण्णांची, अक्कमहादेवीची वचनं गात. शिकलेल्या नाहीत, पण आवाज स्वच्छ. चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर त्या खाटेला खिळल्या. हाड जुळलं. गाणं मात्र बंद झालं ते झालंच. डॉक्टरांना त्याबद्दल काय विचारणार?

याच दिवसांत आमच्या कन्येचे गणिताचे मार्क घसरले. ती तेव्हा पाचवीत. सहामाहीची गुणपत्रिका बघून यजमान म्हणाले, "क्लास बंद करूया." मीही मान डोलावली. महिनाअखेरपर्यंतची फी भरली होती, म्हणून तेवढे दिवस जाऊ दे म्हटलं.

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर अव्वांच्या खाटेशी स्टुलावर कीबोर्ड. मुलगी पांढरी एक दाबून धरून बसलेली आणि अव्वा मान हलवतायत. "इन्नू केळग." तिनं एक पट्टी खाली दाबली. "इन्नू स्वल्प केळग." पांढरी सात. काळी पाच. पांढरी सहा. शेवटी ती काळी चारवर आली आणि अव्वांचा हात वर झाला. "हां, इल्ले!"

पहिली ओळ आली ती खरखरीत, मध्येच खोकला. दुसरी जरा बरी. पोरीनं नुसता सा धरून ठेवला होता. मी दारातच उभी राहिले.

पण वचनाची चाल काही तिला वाजवता येईना. पांढरी एकमधून वाजवायची सवय, काळी चारचा सा धरला की बोटांना घरच सापडत नाही. तिनं झटकन ट्रान्सपोजचं बटण दाबलं. त्या दिवशी त्यानं काम भागलं. मग मला काय वाटलं कोण जाणे, रविवारी शहापूरला गेले आणि भावाला सांगून माळ्यावरची पेटी उतरवली. उंदरांनी भाता एका बाजूनं कुरतडला होता, तीन पट्ट्या अडकलेल्या. दुरुस्ती करणाऱ्यानं उघडून बघितली आणि म्हणाला, "बाई, सूर पितळेचे, जुने, अस्सल आहेत. भाता तेवढा नवा घालूया." त्या पेटीला ट्रान्सपोजचं बटण नाही. कन्येला काळी चारमधून सगळी सरगम नव्यानं बसवावी लागली. पंधरा दिवस चिडचिड, आदळआपट. अव्वा खाटेवरून ऐकायच्या आणि चुकलं की नुसतं 'हं' म्हणायच्या. क्लासमधल्या सरांच्या ओरडण्यापेक्षा त्या 'हं'चा धाक जास्त होता.

क्लास बंद केला नाही, हे वेगळं सांगायला नको. गणिताचं काय, असं तुम्ही विचाराल. गणिताला गणिताचीच शिकवणी लावली. मार्क त्यानं सुधारले, पेटीनं नव्हे.

इतर पालक विचारतात म्हणून चार गोष्टी सांगते. सहा-सात वर्षांच्या आधी घाई नको, बोटं पट्टीवर नीट पोचायला हवीत. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. पहिल्या वर्षी शक्य तर मोठ्यांनी शेजारी बसावं, आपल्याला येत नसलं तरी. आणि वाद्य कपाटात ठेवू नका. बाहेर, येता-जाता हात पडेल असं असू द्या, झाकण मात्र हवं, पावसाळ्यात तर हवंच.

परीक्षांबद्दल मतं वेगवेगळी आहेत. आपल्या भागातल्या मुलांपुढं तर तीन-तीन शिड्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ते विशारद, कर्नाटकातली ज्युनियर-सीनियर-विद्वत आणि पाश्चात्य वाजवणाऱ्यांना लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे आठ ग्रेड. एखादी शिडी धरल्यानं सरावाला शिस्त येते, हे मान्य. पण वर्षभर परीक्षेच्या तीन-चार रचनाच घोटणारी आणि घरात कुणी एखादं गाणं म्हटलं तर सा कुठं आहे हे न सापडणारी मुलं मी क्लासच्या पायऱ्यांवरून बघितली आहेत. त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. दिवाळीला, गणपतीत, बसव जयंतीला त्यांना पेटीवर बसा म्हटलं की ती आईच्या मागं लपतात. निदान महिन्यातून एकदा त्यांना कुणाच्या तरी गाण्यामागं वाजवू द्या.

आणि सर्वांत अवघड वळण म्हणजे नववी-दहावी. एसएसएलसीचं नाव निघालं की पहिला बळी पेटीचा, मग चित्रकलेचा, मग खेळाचा. मी कुणाला उपदेश करणार? मीच सोडली होती. मुलगी यंदा नववीत गेली तेव्हा आम्ही तिघांनी बसून ठरवलं. क्लास पंधरा दिवसांतून एकदा, परीक्षा यंदा नाही, घरी रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. यजमानांनी आधी कुरकुर केली. मग अव्वा म्हणाल्या, पंधरा मिनिटं तो रोज मोबाईल बघतोच की. विषय संपला.

परवाच्या सोमवारी अव्वांना सर्दी होती. तरी रात्री त्यांनी सुरुवात केली. पहिल्याच ओळीत आवाज काळी चारला पोचेना, खालीच राहिला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मुलीनं क्षणभर भाता थांबवला, काही न बोलता पांढरी पाचवर आली आणि तिथून सा धरला. अव्वांनी तिच्याकडं बघितलंही नाही, पुढची ओळ उचलली.